वीरभद्रप्पांच्या रक्तमोहिमेची हकीकत

श्रीसिद्धरामाचे चरण स्मरून, सोलापूर मुक्कामी जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले जाते. राजश्री वीरभद्रप्पा, शेंगाचटणीच्या मुलुखाचे खावंद, बहुत नामांकित पुरुष. धाकटे बंधू निंगप्पा वारले तैपासून त्यांची झोप उडाली, आणि चित्त थाऱ्यावर न राहिले, आणि चटणीत मीठ दोनदा पडो लागले, आणि मग गिऱ्हाइकांत गवगवा जाहला. कारण पुसता, उष्णता झाली, ऐसा जबाब देत. खाशांचे मनी मात्र निराळीच धास्ती. तीर्थरूप उतारवयी पोटच्या लेकरांची नावे विसरले होते. तीच विस्मरणाची फौज आपणांवर चालून आली, ऐसे त्यांनी धरिले.

तों शहरच्या एका दवाखान्यात डाक्तरीण दानेश्वरीबाईंनी शोध मांडिला, की मनाचा त्रास आणि मेंदूच्या प्रकृतीच्या रक्तातील खुणा यांचे काही नाते आहे काय. हे ऐकून पत्नी दाक्षायणीबाईंनी हुकूम फर्माविला, की उदईक उपाशीपोटी रक्त देण्यास तेथे कूच करावे. वीरभद्रप्पांनी गुडघा, मग दुकान, मग अमावास्या, ऐसे सबबींचे बुरूज लढविले. बाईंनी समस्त पाडिले आणि खाशांस रिक्षात घालून नेले.

सुईपुढे खाशांनी डोळे मिटून दंड हवाली केला. तो गड सहज पडला. मग दानेश्वरीबाईंनी सवालांच्या तोफा डागिल्या.

“उदास वाटतं का?”

“न्हाय.”

“झोप?”

“लई चांगली.”

“खोटं नका सांगू,” दाक्षायणीबाई हळूच वदल्या. “पहाटे उठून अंधारात उखळापाशी बसता की. मला ठावं हाय.”

 तेव्हा वीरभद्रप्पा बोलले, “निंगप्पा मुसळ हाणायचा, मी दाणं सरकवायचो. आता उखळ बघितलं की हात चालत न्हाय.” आणि पत्नीचे पदरात तोंड घालून भरदरबारी रडले.

पुढे रक्ताचे वर्तमान आले. मेंदूच्या शिणाची एक खूण किंचित चढली होती. दानेश्वरीबाईंनी साफ कळविले, की येवढ्यावरून विस्मरणाचा रोग ठरत नाही; दुःखाने खूण चढते की खुणेमागून दुःख येते, हेही शोधकांस अद्याप उमगले नाही; मनावरील इलाज मात्र आजच होऊ शकतो. तो इलाज खाशांनी कबूल केला, आणि बहुत दिवसांनी त्या रात्री सूर्योदयापर्यंत घोरले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खाशांकडील जखम, दंडावर कापसाचा बोळा. दाक्षायणीबाईंकडील नुकसान, एक पदर चिंब. तो त्यांनी दोन दिवस कोणास धुवू दिला नाही.