भोईटे काकांचा तिसरा आकडा

वय विचारलं की भोईटे काका सांगायचे, "सत्तावन्न पॉइंट चार एक सात." म्हणजे सत्तावन्न वर्षं, पाच महिने. हसायचे नाहीत. काका निघोज्याचे. महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत ते तयार शाफ्टची, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या लोखंडी दांड्यांची, जाडी तपासायचे. चहा 'अर्धा' मागवला की विचारायचे, "अर्धा म्हंजी किती?" त्यामुळे त्यांच्याबरोबर चहाला कुणी जात नसे. ते एकटेच प्यायचे.

त्यांच्या वहीतली मापं कॉम्प्युटरवर छापायचं काम माझ्याकडं आलं. मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला, 'राउंड' लावून प्रत्येक माप तीन दशांश स्थळांपर्यंत आणलं आणि रिपोर्ट पुढं ठेवला. काका सही करेनात. माल भरलेली गाडी गेटवर उभी, मॅनेजरचे फोनवर फोन.

"हितं पंचवीस पॉइंट शून्य हाय. माझी दोन शून्यं कुठं गेली?"

"काका, किंमत तीच आहे ना!"

"न्हाई. येकच शून्य लिवलं तर फुडं कुणी बघितलंच न्हाई, असा अर्थ व्हतो. मी बघितलंय."

मला राग आला, पण म्हातारा बरोबर होता. राउंड आकडा बदलतो. तो किती लांब छापायचा, ते सांगत नाही. मी छापायच्या ओळीत मापापुढं कोलन, टिंब, तीन आणि एफ एवढंच घातलं, म्हणजे टिंबानंतर तीन आकडे छापायचेच. 25.000 उमटलं. काकांनी एकेका शून्यावर बोट ठेवलं आणि सही केली. गाडी सुटली.

शिफ्ट संपल्यावर बसची वाट बघताना मी म्हटलं, "काका, एवढ्याशा आकड्यासाठी केवढा जीव काढलात माझा!"

ते रस्त्याकडं बघत सांगू लागले.

"आमची पोरगी सातव्या म्हैन्यात झाली व्हती. दवाखान्यात, काचंच्या पेटीत. नर्सबाई कागदावर रोज लिवायच्या, येक पॉइंट दोन किलो. रोज तेच. मी म्हनायचो, बाई, फुडचा आकडा सांगा की. वाढतीय का घटतीय? त्या म्हनायच्या, काटा तेवढंच दावतो. अकराव्या दिशी गेली."

बस आली. आम्ही दोघंही उठलो नाही. ती निघून गेली.

"बायको घरी पडून असायची. रोज इचारायची, वाढतीय का? मी म्हनायचो, व्हय, वाढतीय."

काकांनी रुमालानं चष्मा पुसला.

"आजून इचारती कधीमधी, तवा खरंच वाढत व्हती का? मी व्हय म्हनतो."