दोन पेज, तीन प्रतींत

हे कोणाला खरं वाटणार नाही, आणि वाटलंच तर माझी सांगण्याची पद्धत चुकली असं मी समजेन. सुर्ल्यात आमच्या सोप्यावर रोज संध्याकाळी येऊन बसणारे शेजारी, शांताराम आणि बाबली, यांनाही मी हे जसं घडलं तसंच सांगितलं.

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. माझा नातू गौरेश दहावी झाला आणि पणजीला मोटारदुरुस्तीच्या वर्गात त्याला जागा मिळाली. राहायचं वसतिगृहात. त्याच सुमाराला तिथे कोणा बड्या साहेबाचा भाचा, दूध तापायची वाट बघत तीन दिवस स्टोव्हसमोर बसून राहिला. स्टोव्ह पेटवायचा असतो, हे त्याला घरी कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुधाचं दही झालं आणि शासनाने गंभीर दखल घेतली. परिपत्रक निघालं: यापुढे 'स्वावलंबन दाखला' असल्याशिवाय कोणत्याही मुलाने शिक्षणासाठी घर सोडू नये. त्यासाठी साखळीला एक स्वावलंबन कक्ष उघडला. कक्षात एक साहेब, गुरुदास नावाचा एक कारकून आणि दोघांना बसायला दोन कदेली. उमेदवाराने उभं राहायचं. तेही स्वावलंबनच.

अटी साध्या होत्या. शर्टाला बटण लावणे. स्वतःचे कपडे धुणे. आणि स्वयंपाक: 'उमेदवाराने स्वतः तयार केलेली दोन पेज तीन प्रतींत सादर करावीत.'

पणजीच्या साहेबांच्या मनात स्वयंपाकावर लिहिलेली कागदाची दोन पानं होती, इंग्रजी पेज. पण आमच्या तालुक्यात हे कोणाला सुचणार? त्या दिवसांत भाषेवरून भाऊ भावाशी बोलत नव्हता. मराठीवाले एका अंगाला, कोंकणीवाले दुसऱ्या. मात्र पेज म्हणजे उकड्या तांदळाची, अकरा वाजता प्यायची, यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. अख्ख्या वादात तेवढ्या एका शब्दावर.

गौरेशने बटण लावलं, शर्ट धुतला, आणि पेजेचे दोन टोप घेऊन आम्ही कक्षात हजर झालो.

"आवकचा शिक्का खंय मारू, साहेब?" गुरुदासने विचारलं.

"झाकणावर. समास सोडलाय?"

गुरुदासने टोपात वाकून पाहिलं. काठापासून दोन बोटं जागा होती. समास मंजूर झाला. मग एका टोपातून तीन वाट्या भरल्या, त्या प्रती. प्रती मुळाबरहुकूम आहेत की नाहीत, हे तपासल्याशिवाय सही करणारे आमचे साहेब नव्हते. त्यांनी आधी मूळ पेज घेतली, मग एकेक प्रत घेतली, आणि मिशी पुसून शेरा लिहिला: 'तिसऱ्या प्रतीत शितं जास्त. मुळाशी जुळत नाही. फेरसादर करावे.'

दुसऱ्या दिवशी शितं मोजून भरली. दुसरा टोप लाखेने सीलबंद होऊन बसने पणजीला रवाना झाला. आठवड्याने उत्तर आलं: 'आपली पेज मिळाली. मजकूर पातळ असून वाचता येत नाही.'

"मगे?" बाबलीने विचारलं.

मग काय? गौरेशने पेज दाट केली. रोज करून करून त्याचा हात असा बसला, की साहेब घरून लोणच्याची फोड घेऊन यायला लागले. फाईल बरोबर अकराला उघडायची आणि साडेअकराला चाटूनपुसून बंद व्हायची. शेरा एकच: 'प्रकरण समाधानकारकरीत्या प्रलंबित.'

तेवढ्यात पणजीहून खुलासा आला, पेज म्हणजे पान. लगेच साखळीच्या दुकानात तयार निबंध मिळायला लागले. प्रवीण नावाच्या मुलाने 'मी आणि माझा स्टोव्ह' दोन पानं उतरवून दिला आणि दुपारपर्यंत दाखला घेऊन गेला. निबंधात स्टोव्ह पेटवल्याचा उल्लेख नव्हता.

गौरेशनेही दोन पानं लिहून नेली. साहेबांनी ती हातसुद्धा न लावता परत केली. "तुझं प्रकरण जुन्या नियमाखाली दाखल आहे, बाबा. तू पेजच चालू ठेव."

त्या संध्याकाळी पोर याच सोप्यावर गुडघ्यात डोकं घालून बसलं होतं. "आज्या, फाल्यां शेवटचो दिस. दाखलो पावलो ना तर जागा फुडल्याक देतले."

"जीभ साहेबाची, पण तोंड बंद करणं आपल्या हातात," मी म्हटलं. सकाळी मी स्वतः चुलीपाशी गेलो. पेज रटरटत होती. मिठाच्या बरणीत हात घातला आणि मोजून तीन मुठी मीठ टोपात सोडलं.

साहेबांनी पहिला घोट घेतला. शब्द फुटेना. त्यांनी खुणेने दाखला मागवला, तिन्ही प्रतींवर सही केली, शिक्काही स्वतःच मारला आणि खुणेनेच पाणी मागितलं. गौरेश दुपारच्या बसने पणजीला गेला.

"म्हणून सांगतो, शांताराम," मी म्हटलं, "पोरांना घर सोडण्याआधी चार गोष्टी घरच्या माणसाने शिकवाव्या लागतात. पेज मीच शिकवली त्याला. मीठही मीच घातलं."

जनेलाआड, खिडकीपलीकडे, माझी बायको गंगा खोबरं किसत होती. किसणी थांबली.

"फट. खोटां बोलतात," ती आतून म्हणाली. "साहेब, शिक्को, बस, तां तुमचां चालूं दी. पण मीठ? अहो, चाळीस वर्सां झाली लग्नाक. आपल्या घरात मीठ खंयच्या बरणीत असता, सांगा बघू."

मी शांतारामकडे पाहिलं. शांतारामने बाबलीकडे पाहिलं. बाबली मघापासून तुमच्याकडे बघतोय.