चौथ्या गाण्यातले वडील

एखादा दिवस साधा होता की नाही, हे दुसरा दिवस उजाडल्याशिवाय सांगता येत नाही. ही गैरसोय टाळण्यासाठी नॅशव्हिलमधल्या आमच्या संगीत कंपनीने साधेपणाचे निकष आगाऊ ठरवून ठेवले आहेत. त्यांनुसार तयार झालेला ‘साधा मंगळवार’ हा कंट्री, म्हणजे खेड्याकडच्या ढंगाच्या, गाण्यांचा अल्बम सामान्य अमेरिकन माणसाच्या रोजच्या जगण्याचा गौरव करतो. बारा गाण्यांत नऊ पिकअप ट्रक आहेत (एक बंद), सहा व्हरांडे, चार कुत्रे (तीन हयात) आणि ओढा एकच, पण तो आठ वेळा लागतो. सगळ्यांच्या हातांना घट्टे आहेत. ते कशाने पडले हे विचारू नये, लय बिघडते. गायक दातांच्या डॉक्टरांचा मुलगा असून ट्रक चालवायला त्याने मन लावून शिकून घेतलं, हे त्याच्या कौतुकासाठी नोंदवते.

माझ्याकडे वडील विभाग आहे. आम्ही तिघे गीतकार सकाळी अकराला एका खोलीत बसतो आणि दीड वाजेपर्यंत वडील तयार होतात. माझ्या हातचे अकरा वडील आजवर रेडिओवर लागले. अकराही जण संध्याकाळी व्हरांड्यात बसून मुलीला सांगतात, की तिच्यावर त्यांचा फार जीव आहे.

माझे स्वतःचे वडील, लाइल प्रुइट, निकषांत बसत नव्हते. केंटकीतल्या एका गावी त्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्यांची गाडी लहान, कोरियन (गुडघ्यांना बरी पडते). व्हरांड्यात गांधीलमाश्या, म्हणून ते आतल्या खोलीत कपडे वाळवायच्या मशीनशेजारी, उबेला, खुर्ची टाकून वाचनालयातल्या खुनाच्या कादंबऱ्या वाचत. जिवाबिवाचं कधी बोलले नाहीत. फोन करून मला माझ्याच शहराचं हवामान सांगत.

“तिकडे पाऊस पडतोय.”

“मला खिडकी आहे, डॅडी.”

“तरी सांगितलं.”

अल्बम हातात आला त्या दिवशी मी तो घेऊन गावी गेले. (वार मंगळवारच होता. गाण्यात असं आलं असतं तर आम्ही ते खोडलं असतं.) पाहुणीचा मान म्हणून डॅडींनी मशीन बंद केलं. पहिल्या गाण्यात एक जण ट्रकचं मागचं फळकं पाडून त्यावर बसतो आणि सूर्य मावळेपर्यंत ओढा बघतो.

“हा कामावर कधी जातो?”

“गाण्यात नाही जात.”

“नशीबवान आहे. आम्हाला कोणी सोडलं नाही.”

चौथं गाणं माझं होतं, अल्बमच्या वर्षभर आधीपासून रेडिओवर लागणारं. त्यातल्या वडिलांचं व्हरांड्यातलं बोलणं संपल्यावर डॅडींनी विचारलं,

“हा कोण?”

“असाच. तिघांनी बसून केला.”

“चांगलं बोलतो.” मग त्यांनी विचारलं, “तुला असं बोललेलं आवडतं होय?”

“लोकांना आवडतं, डॅडी.”

“लोकांचं नाही विचारलं, पोरी.”

या प्रश्नाला उत्तर होतं. मी म्हणाले, “निघते, रस्त्यावर गर्दी होईल.” त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

बुधवारी संध्याकाळी शेजारच्या वांडा मावशींचा फोन आला. डॅडी व्हरांड्यात खुर्चीतच गेले होते.

“व्हरांड्यात?”

“आतली खुर्ची बाहेर ओढून आणली होती गं. म्हटलं, लाइल, माश्या फोडून काढतील. तर म्हणतो, सराव करतोय.”

कंपनीचं पत्र तातडीने आलं, याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या दुःखात सर्व विभाग सहभागी होते, आणि आठवणी ताज्या असेपर्यंत मला सोईचं व्हावं म्हणून सोमवारी अकराची खोली राखून ठेवली होती.

अंत्यदर्शनाला सगळं गाव आलं. ज्यांना त्यांनी शाळेत नेलं होतं ते आता टक्कल पडलेले लोक रांगेने पुढे येत होते. अंत्यविधीगृहाच्या व्यवस्थापकांनी न सांगता चौथं गाणं लावलं. (महिन्याला पाचसहा वेळा लागतं, त्यामुळे तयारच असतं.) रांगेतले झाडून सगळे रडले. त्यांतल्या एकालाही डॅडी कधी व्हरांड्यात दिसले नव्हते, पण गाण्यातले दिसत होते.

वाचकांनीही हे गाणं जरूर ऐकावं. सव्वातीन मिनिटांचं आहे. वडिलांना फोन करण्यापेक्षा सोईचं; पलीकडून कोणी ‘जेवलीस का’ विचारत नाही, आणि रडू खात्रीने येतं. ऐकून लगेच फोन करावासा वाटला, असं बरेच जण आम्हाला कळवतात. केला, असं अजून कोणी कळवलेलं नाही. तोवर पाचवं सुरू होतं, आणि तेही चांगलं आहे.

मी शवपेटीजवळ वाकून डॅडींशी बोलायला लागले. मागच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, “जरा हळू, गाणं चाललंय.”

तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, “नाही आवडत मला तसं बोललेलं, डॅडी. मला तुम्ही आवडत होतात.”