न उघडलेला रेडिओ

दूधवाला येऊन गेला की बाइंडर उठत. तोंड धुऊन, चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाला पुसून ते बाहेरच्या खोलीतल्या फळीसमोर उभे राहत. फळीवरच्या रेडिओचं बायकोने शिवलेलं कापडी कव्हर काढत, त्याची चौकोनी घडी घालत, गोल बटण फिरवत आणि रेडिओच्या डाव्या अंगाला, जरा मागच्या बाजूला, एक चापट देत. रेडिओ आधी खाकरे, मग घरघरे आणि मग एकदम शहाण्यासारखा बातम्या सांगू लागे. स्वयंपाकघरात बायको त्या चापटीच्या आवाजावर चहाचं आधण ठेवी. घड्याळाकडे पाहण्याची गरज त्या घरात सकाळी कुणाला पडत नसे.

ही चापट मूळची दादांची, म्हणजे बाइंडरांच्या थोरल्या भावाची. दोघा भावांची पुस्तकबांधणी होती. दादा छापील पानांचे फर्मे शिवत आणि बाइंडर पुठ्ठा चढवत. मधल्या टेबलावर खळीच्या भांड्याशेजारी हा रेडिओ वाजत असे. तो पहिल्यांदा मुका झाला तेव्हा धाकट्याने दुरुस्तीवाल्याकडे निघण्यासाठी चपला घातल्या होत्या. दादांनी सुई दातांत धरली आणि हात लांब करून रेडिओला अशी काही चापट दिली, की तो लगेच बोलू लागला. "माणसासारखाच आहे," दादा म्हणाले होते, "जागा कळली पाहिजे." पुढे दादा गेले, बांधणी बंद झाली, टेबलं आणि दाबयंत्र कुणी कुणी घेऊन गेलं. रेडिओ मात्र बाइंडरांनी स्वतः काखेत मारून घरी आणला. त्याच्या लाकडी पेटीला अजून खळीचा वास येई.

अलीकडे मात्र एका चापटीने भागेना. बातम्या संपून हवामान सुरू झालं तरी बाइंडर आपले थोपटतच असत.

"अहो, किती छळणार आहात त्याला?" एके दिवशी बायको म्हणाली. "म्हातारा झालाय तो. नवा आणा एक."

"बघू."

"तुमचं 'बघू' म्हणजे मी बघायचं. आज संध्याकाळी जाऊ या."

त्या संध्याकाळी नवा रेडिओ घरात आला. आकाराने जुन्याएवढाच, पण गुळगुळीत, काळा आणि बटणांशिवायचा. कुठेही बोट टेकवावं, त्याला समजे. बाइंडरांनी खोका उघडला तो आपल्या पद्धतीने. आयुष्यात त्यांनी कागद म्हणून कधी टराटरा फाडला नव्हता. घडी दाबायची हाडाची पट्टी त्यांनी चिकटपट्टीखाली हळूच सरकवली, दुकानाचा शिक्का असलेली कागदी पट्टी ओल्या फडक्याने अखंड सोडवली आणि वाळायला पुस्तकात ठेवली. अशी पट्टी पुढे कशाला लागणार, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दूधवाला येऊन गेला. बाइंडर उठले, चष्मा पुसला, फळीसमोर उभे राहिले आणि सवयीने त्यांनी, जुन्याच्या जागी ठेवलेल्या नव्या रेडिओच्या डाव्या अंगाला चापट दिली. नव्या रेडिओचा आवाज वाढवायची जागा नेमकी तिथेच होती. "शुभ प्रभात!" असं एक बाई इतक्या मोठ्याने ओरडली की स्वयंपाकघरातून बायकोच्या हातची किटली खाली पडल्याचा आवाज आला. बाइंडरांनी घाबरून आणखी एक चापट दिली. बाईने आणखी मोठ्याने व्यायामाचे प्रकार सांगायला सुरुवात केली. शेवटी बायकोने धावत येऊन वायरच ओढली.

"अहो, ह्याला मारायचं नसतं!"

"मग करायचं काय ह्याला?" बाइंडर म्हणाले. त्या प्रश्नात राग कमी होता आणि खरी अडचण जास्त होती. चहा न घेताच ते फिरायला निघून गेले.

फिरता फिरता त्यांचा निश्चय झाला. नवा परत करायचा. जुना तीन चापटा मागत असेल तर तीन द्यायच्या. घाई कुणाला आहे? बायकोची समजूत कशी घालायची, याची वाक्यं जुळवीत ते घरी आले, तर बायको बाजारात गेली होती. कॉटवर नव्या रेडिओचा खोका झाकणं मिटून तयार होता, आणि फळीवर जुनं कव्हर आपल्या जागी होतं. बाइंडरांना भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईला आपलं मन आपल्याआधी कळतं, याचा पुरावा त्यांना पुन्हा एकदा मिळाला होता.

खोका नुसता मिटलेला होता. अर्धवट काम हातावेगळं करणं बाइंडरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चिकटपट्टी कडेला कड जुळवून बसवली, पुस्तकातली शिक्क्याची पट्टी काढून तिला मागून पातळ खळ लावली, हाडाच्या पट्टीने दाबली आणि खोका उचलला. तो येताना हलका वाटला होता, जाताना मात्र चांगलाच जड लागला. घेतलेली वस्तू परत करायला जाताना जीवच जड होतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुकानात गल्ल्याच्या वर ठळक पाटी होती : 'उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.' बाइंडर तिच्या खाली ओशाळून उभे राहिले.

"हा परत करायचा होता. पण मी उघडलाय," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

दुकानदाराने खोका फिरवून फिरवून पाहिला. "काका, हा उघडलेला नाही."

"उघडलाय. काल संध्याकाळी. वाजवलासुद्धा."

"काका, मी दिवसभर खोकीच बघतो. ही पट्टी बघा, हा शिक्का बघा. हात लागलेला नाही."

"तो मी परत चिकटवला."

"असा चिकटवता येत नाही हो!" दुकानदार हसला. "कंपनीलाही येत नाही."

ही स्तुती आहे हे बाइंडरांना कळलं आणि क्षणभर ते सुखावलेही, पण खोटेपणा अंगाला चिकटू नये म्हणून त्यांनी शेवटचा उपाय सुचवला. "मग उघडून बघा ना तुम्ही."

"वा काका! मी उघडला की तो उघडलेला होणार. मग तो मी विकू कुणाला? तुम्ही आमचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून घेतो परत. उगाच घोळ घालू नका." आणि त्याने पैशांचं पाकीट बाइंडरांच्या हातात कोंबलं.

घरी आल्यावर बाइंडर थेट फळीपाशी गेले. कव्हर किंचित ढिलं बसल्यासारखं दिसलं. धुऊन सैल झालं असेल. त्यांनी ते काढलं, चौकोनी घडी घातली, आणि घडी हातात धरून तसेच उभे राहिले. समोर काळा, गुळगुळीत, बटणांशिवायचा रेडिओ होता.

बायको भाजीची पिशवी घेऊन आत आली. "अहो, कॉटवरचा खोका कुठंय?"

"परत केला."

"परत? अहो, त्यात जुना होता! माळ्यावर टाकायला बांधून ठेवला होता मी. चांगला खोका रिकामा पडलेला, म्हटलं धूळ लागायला नको बिचाऱ्याला."

त्या घरात खोका कधीच रिकामा राहत नसे, हे बाइंडरांना ठाऊक असायला हवं होतं. बुटांच्या खोक्यात लोकर, मिक्सरच्या खोक्यात पंख्याची पाती आणि पंख्याच्या खोक्यात बुटांची खोकी, अशी तिची व्यवस्था होती. त्यांनी नवा रेडिओ काखेत घेतला आणि उलट पावली दुकान गाठलं.

"मघाचा खोका द्या. त्यात माझा जुना रेडिओ आहे."

"तो विकला, काका. तासाभरापूर्वीच गेला... काय आहे त्यात म्हणालात?"

बाइंडरांनी सगळं सांगितलं. दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला. आपण गिऱ्हाइकाला नव्याच्या भावात लाकडी जुना रेडिओ विकला, तोही शिक्क्यासकट! "मेलो," तो म्हणाला. "काका, तुम्ही मघाशी नीट सांगायचं ना!"

"तीनदा सांगितलं."

"मग जरा ओरडून सांगायचं!"

रेडिओ एका परिचारिकेने घेतला होता आणि तिच्या घरी पोचवण्यात आला होता. दुकानाला कुलूप लावून दुकानदार बाइंडरांबरोबर निघाला. वाटेत तो माफीची वाक्यं पाठ करत होता. बाइंडरांच्या डोक्यात एकच गोष्ट होती : ती मंडळी जुन्याला भंगार समजून फेकून तर देणार नाहीत? दादांचं बाकी काही राहिलं नव्हतं. सुया गंजल्या होत्या, फोटोत ते डोळे मिटून बसले होते. त्यांच्या हाताची एक जागा तेवढी त्या पेटीवर उरली होती.

दार परिचारिकेनेच उघडलं. दोघांना आणि काखेतला काळा रेडिओ पाहून तिने चटकन मागे दार लोटून घेतलं.

"हळू बोला. सासऱ्यांना ऐकू जाईल. तुम्ही तो घ्यायला आलात ना?"

"चूक झाली, ताई," दुकानदाराने सुरुवात केली. "आमच्या दुकानाच्या इतिहासात..."

"मीच निघाले होते तुमच्याकडे भांडायला. पण आधी आत चला. आणि तो काळा इथेच ठेवा, दिसू देऊ नका त्यांना."

सासरे वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक होते. नोकरीत त्यांनी कुठलाच तराजू पहिल्या खेपेला पास केला नव्हता, आणि निवृत्तीनंतर हीच शिस्त घरातल्या प्रत्येक वस्तूला लावली होती. सासूबाई गेल्यापासून तर त्यांनी बोलणंच सोडलं होतं. आता ते खाटेवर ताठ बसले होते आणि मांडीवर बाइंडरांचा रेडिओ होता.

"कंपनीचे का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

दुकानदाराने बाइंडरांकडे पाहिलं, बाइंडरांनी जमिनीकडे.

"बसा. एकदाची अक्कल आली तुमच्या कंपनीला! इतकी वर्षं काय ती काळी डबडी काढत होतात? हे बघा, गोल बटण. फिरवलं की हाताला कळतं. लाकडी पेटी. आणि वास तर घ्या! नव्या वस्तूला प्लास्टिकचा वास येतो. ह्याला कसा, शाळेची नवी पुस्तकं मिळायची ना, तसा वास दिलाय. कुणाची कल्पना ही?"

"आमच्या... दादांची," बाइंडरांच्या तोंडून निघून गेलं.

"त्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्या हिच्याकडे असाच होता, माहेराहून आणलेला." त्यांनी गोल बटणावरून अंगठा फिरवला, आणि मग निरीक्षक परत जागेवर आला. "एक दोष मात्र आहे. मधूनच बंद पडतो. आत्ताही पडलाय. लिहून घ्या."

खरं तर हीच वेळ होती. दोष आहे म्हणून वस्तू परत न्यायची आणि बदली नवी द्यायची. कुणाला काही सांगावंही लागलं नसतं. दुकानदार डोळ्यांनी हेच खुणावत होता. बाइंडर पुढे झाले. त्यांनी रेडिओवर हात ठेवला, पण उचलला नाही.

"तो दोष नाही. इथे, डाव्या अंगाला, जरा मागे. चापट द्यायची. रागाने नाही, झोपलेल्या माणसाला उठवतो ना, तशी."

"हे माहितीपत्रकात नाही."

"माहितीपत्रकात सगळं लिहीत नाहीत. तुम्ही द्या."

निरीक्षकांनी चापट दिली. काही झालं नाही. बाइंडरांनी त्यांचा हात धरून दोन बोटं मागे सरकवला. दुसरी चापट पडली आणि रेडिओ खाकरला, घरघरला आणि बोलू लागला. म्हातारा मोठ्याने हसला. दारात उभी असलेली सून पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली.

"पास!" निरीक्षक म्हणाले.

बाहेर आल्यावर बाइंडरांनी दुकानदाराने दिलेलं पाकीट खिशातून काढून, दारापर्यंत पोचवायला आलेल्या सुनेच्या हातात ठेवलं. ती नको नको म्हणत होती.

"ठेवा, ताई. हे मात्र खरंच उघडलेलं नाही," ते म्हणाले आणि काळा रेडिओ काखेत घेऊन जिना उतरले.

"काका, तो तरी द्या, परत घेतो," खाली दुकानदार म्हणाला. त्याला आता पाटीचीही पर्वा उरली नव्हती.

"बघू," बाइंडर म्हणाले.

घरी बायको दारातच उभी होती. "मिळाला?"

"चांगल्या घरी पडलाय."

तिने काळ्या रेडिओकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाली. बाइंडरांनी कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली, बांधणीचं सामान बाहेर काढलं, तिला थोडी खळ शिजवायला सांगितली. मग जाड पुठ्ठा मापून कापला, नव्या रेडिओच्या चारी अंगांना बसवला, बोट टेकवायच्या जागा मोकळ्या ठेवल्या आणि वरून उरलेलं तपकिरी कापड चढवलं. आवाज वाढवायची जागा तेवढी त्यांनी बुजवून टाकली. कोपरे चामड्याचे केले.

"अहो, आता हा कुणी परत घ्यायचा नाही हं," खळीचं भांडं धरून बसलेली बायको म्हणाली.

"नाही घेणार."

"आणि ह्या डाव्या बाजूला पुठ्ठा दुहेरी का लावलाय?"

बाइंडरांनी कापडाची कड हाडाच्या पट्टीने शेवटपर्यंत दाबत नेली.

"तिथे हात पडतो," ते म्हणाले, आणि रेडिओ वजनाखाली वाळायला ठेवला.