चाळीस झाल्याशिवाय

माणसाच्या उंचीच्या पोलादी नळकांड्यातून नवं औषध आणि त्याचं जुळं भावंड शोभेल अशी भेसळ एकत्र वाहत होती. नळकांडं चाळीस अंशांवर राहिलं, तरच दोघं वेगवेगळी बाहेर पडत. जरा गारवा लागला की गळ्यात गळा घालून. हे काम तडीस गेल्याखेरीज रजा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. रसायनतज्ज्ञाची बायको दुसऱ्या शहरात नोकरीला. तिच्यासमोर बसून निवांत चहा प्यावा, एवढ्याच इच्छेपायी तो झुरत चालला होता.

साहेबांना विज्ञानापेक्षा वारा प्रिय. फेरीवर आले की ते आधी एसीचा रिमोट हाती घेत. त्यांच्या विद्वत्तेची धाव तेवढीच. आजही आले, तेव्हा तो फोनवर बायकोशीच बोलत होता.

"काय हो, इथे जीव उकडतोय आणि तुम्ही हे धूड तापवून ठेवलंय?"

फोन कानाशी असतानाच तो उसळला, "चाळीस झाल्याशिवाय दोघं वेगळी होत नाहीत, साहेब! आणि एकदाची वेगळी झाली की मी सुटलो!"

पलीकडे, गेल्याच महिन्यात चाळिशी गाठलेल्या बाईने हे शब्द ऐकले आणि फोन ठेवून दिला.

तो फोन लावत व्हरांड्यात धावला. ती उचलेना. तेवढ्यात साहेबांनी एसी सोळावर आणून झोत थेट नळकांड्यावर सोडला. तो परतला, तेव्हा संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखात औषध आणि भेसळ यांच्या दोन शिखरांची एक बेढब टेकडी झाली होती. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बॅग घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी.

"सुटलो म्हणजे रे काय? आणि वेगळं कोण होतंय?"

त्याने तिला हाताला धरून पडद्यापुढे नेलं. "ही दोघं. चाळीस अंशांवर."

ती बघत राहिली. मग टेबलाला धरून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "अरे मेल्या, मी रात्रभर रडले! या नळकांड्यापायी?"

"आता कधी जाशील?"

"तुझं काम होईपर्यंत राहते. रजा टाकूनच आलेय."

त्याने नळकांड्याकडे पाहिलं. तापमानाचा काटा पुन्हा चाळिसावर स्थिरावला होता. शिखरं हळूहळू अलग होऊ लागली होती.

दारात साहेब आले. "झालं का हो काम?"

रसायनतज्ज्ञाने अत्यंत आदराने रिमोट पुढे केला. "साहेब, फार उकडतंय. जरा वारा घेता का?"