लिमये सरांचा विरोध

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे हात वर झाले की लिमये सर आपला खाली ठेवतात. सेक्रेटरींनी "विरोधात कोण?" विचारलं की मग तो सावकाश वर जातो. एकदा पाण्याची टाकी धुण्याच्या ठरावालाही गेला. मी म्हटलं, "सर, टाकी घाणच ठेवायची का?"

"धुवायलाच हवी. पण एकमत झालं की मला घाम फुटतो हो. ग्रीकांनी आपल्या सर्वांत शहाण्या म्हाताऱ्याला विष पाजलं, तेही मतं मोजूनच."

सरांनी जन्मभर कॉलेजात पाश्चात्त्य राजकीय विचारांचा इतिहास शिकवला. निवृत्त होऊन काशीगावात राहायला आले, पण तास काही सुटला नाही. पार्किंगच्या भांडणाला ते 'निसर्गावस्था' म्हणतात, म्हणजे राज्य-कायदा नव्हता तेव्हाची. वॉचमनने गेटवर अडवलं की विचारतात, "भैया, ये सत्ता तुमको किसने दी?" तो बिचारा सांगतो, "एजन्सीने, साब."

गेल्या महिन्यात ठराव आला. गेटजवळ मासे विकणाऱ्या जनीबाईला उठवायचं, वास येतो. भराभर हात वर गेले. सर उभेच राहिले.

"सर, आप तो मच्छी खाते भी नहीं," सेक्रेटरी वैतागले.

"नाही खात. पण माणसं एकत्र राहतात ती करार करून, असं मी शिकवत आलो. ही बाई राई गावातून येऊन इथं बसतेय ती बिल्डिंग नव्हती तेव्हापासून. आपला करार झाला तेव्हा तिला कोणी विचारलं?"

मग शेखवहिनींनी हात खाली घेतला, पाठोपाठ आणखी काहींनी. ठराव बारगळला.

सरांना घरी सोडायला निघालो, तर जनीबाई टोपली आवरत होती. बातमी पोचली होती.

"मास्तर, तुला मासं खायाचं न्हाय, तं भांडतंस कशाला?"

"सवय आहे," सर लाजून म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी चहाचं आधण ठेवलं. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. पाठमोरेच म्हणाले, "ही गेली आणि घरातला विरोधी पक्षच संपला. मी म्हणेन ती भाजी, मी म्हणेन तेव्हा दिवा बंद. निरंकुश सत्ता. फार वाईट असते ती."

त्यांनी किसणी घेतली. "आलं घालतो."

"नको," मी म्हटलं. "आल्याने चहाची चव जाते."

सर वळले. चेहरा उजळला होता.

"कशी जाते? मुद्दा मांडा," ते म्हणाले, आणि त्यांनी गॅस बारीक केला.