बाबलकाकांचा अर्धा श्लोक

आमच्या घराला विहीर नव्हती. आई-बाबा दुसऱ्यांच्या काजूबागेत कामाला जायचे आणि टेकडीखालून पाणी आणायचं काम माझ्याकडे. बारावीपर्यंत शाळा गावातच होती, तोवर जमलं. कुडाळच्या कॉलेजची एसटी मात्र सकाळी सहाची. आई म्हणाली, राहू दे कॉलेज.

शेजारी बाबलकाका राहायचे, एकटेच. कोणी दारात आलं की तांब्या पुढे करायचे, “घे, पयला रत्न.” जेवण हे दुसरं रत्न, आणि चांगलं बोलणं तिसरं. सरपंचांनी दीड तास भाषण केलं तेव्हा काका मध्येच उठले. ह्यात तिसरं रत्न सापडलं तर बोलवा, असं सांगून घरी गेले. वाडीतल्या एका लग्नात लोकांनी मिक्सर, कुकर दिले. काकांनी भरलेली कळशी दिली. नवरीचा मामा महिनाभर हसत होता.

हे सगळं एका संस्कृत श्लोकामुळे. काका हायस्कुलात शिपाई होते. संस्कृतचे गुरुजी तास संपताना तो श्लोक अर्थासकट म्हणायचे. पहिली ओळ झाली की काकांना घंटेकडे धावावं लागे. नोकरीभर दुसरी ओळ घंटेखाली गेली. शिपायाने गुरुजींना विचारायचं कसं, म्हणून विचारलीही नाही.

कॉलेजचं बारगळलं हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पायरीवर दोन भरलेल्या कळश्या. मागे काका, धापा टाकत.

“पाणी मी भरतंय. तू कॉलेजात जा आणि माका उरलेलो अर्धो श्लोक हाडून दी.”

श्लोक मला पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयात मिळाला. मी सांगितलं नाही. श्लोक दिला आणि पाणी थांबलं तर? रोज संध्याकाळी काका चहा ठेवून विचारायचे, गावलो? मी म्हणायचे, नाही अजून. मग वर्गात काय झालं ते सगळं सांगत बसायचे. अशी तीन वर्षं काढली. सरळ सांगते, लबाडीच होती.

निकालाच्या दिवशी मी दुसरी ओळ म्हटली आणि अर्थ सांगितला: मूर्ख लोक दगडाच्या तुकड्यांना रत्न म्हणतात.

“म्हणजे रत्नां तीनच,” काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “चौथा निघाला असता तर म्हातारपणी खंय शोधू?”

मग मी खाली बघत कबूल केलं, की श्लोक तीन वर्षांपूर्वीच मिळाला होता.

काका कपबश्या विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, “पयल्याच वर्साक माका कळलेला. पण तू सांगलं असतंस, तर मगे सांजेक माझ्याकडे कोण इला असता?”

मी उठून त्यांच्या हातातली बशी घेतली आणि पुसून ठेवली.

मी बी.ए. झाले, संस्कृत घेऊन. आमच्या घरातली पहिली.